बोलावलं कुणी?

कणकवलीत माणूस सकाळी कॉम्प्युटर चालू करतो, दात घासतो, चहा पिऊन येतो, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच असतं. निदान ठरलेलं : "ह्यो पीसी म्हातारो झालो, आता बदलूक व्होयो." दुकानात नेला तर ‘फॉरमॅट मारूया’ तयारच. मारला की आठ दिवस पळतो. मग घरचे आपापली सॉफ्टवेअरं पुन्हा भरतात आणि ये रे माझ्या मागल्या.

वयाचा दोष असतो कधीकधी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर फरक पडतो, मान्य. पण खिशात हात घालण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप’ उघडा. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, ही यादी तिथंच आहे. त्याआधी ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करावं लागे, आणि ते ठाऊक असलेला पोरगा वाडीत इंजिनिअर समजला जाई.

यादी वाचनीय असते. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस शाईची चौकशी करायला रोज हजर. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाच्याने टाकलेला गेम लाँचर. भाचा कोकणकन्याने परत गेला, लाँचर राहिला. लॉकडाऊनच्या शाळेतलं मीटिंगचं अ‍ॅप, पोरगी आता कॉलेजात. पीडीएफवाल्याचा अपडेटर, ब्राउझरचा अपडेटर. प्रत्येकाची ठाम समजूत, की मालक उठल्याउठल्या आपलीच वाट बघतो.

परवानगी कुणी दिली? आपणच. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे मारुतीस्तोत्रासारखं तोंडपाठ. त्यातल्याच कुठल्यातरी पानावर बारीक चौकटीत टिक आधीच मारलेली असते आणि ती काढायचे कष्ट तुम्ही घेणार नाही, याची कंपनीला खात्री असते. काही जण तर तेवढंही विचारत नाहीत. मशीन लवकर सुरू व्हावं ही तुमची गरज. सतत तुमच्या डोळ्यांसमोर असावं ही त्यांची.

यादीत ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा रकाना आहे. त्यात ‘हाय’ दिसलं की लोक हबकतात. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात हाय म्हणजे सुरू होताना प्रोसेसरचा 1 सेकंदाहून जास्त वेळ, किंवा डिस्कवर 3 एमबीहून जास्त वाचणं-लिहिणं. गणपतीच्या मखराचा मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून मोठा भरतो! तेव्हा ‘हाय’ला घाबरू नका, आणि ‘लो’ला साधू समजू नका, असे दहा साधू एकदम दारात आले तरी दार अडतंच.

उपाय सोपा. राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्राम मरत नाही, पुसला जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हा उघडतो. फक्त आपणहून येत नाही. नंतर रीस्टार्ट करा. नुसतं शट डाउन नको, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केलेलं विंडोज अर्धवटच झोपलेलं असतं.

काही खमके या यादीत सापडतच नाहीत, मागच्या दाराने शिरतात. त्यांच्यासाठी सिसइंटर्नल्सचं ‘ऑटोरन्स’ आहे, तेही फुकट. ते बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये विकत घेतली. थोडक्यात, आपल्याच घरात कोण कोण शिरतं हे बघायचं अवजारसुद्धा घरमालकाला बाहेरून आणावं लागलं.

आता उलट टोकाचे वीर. ‘डिसेबल’ची चटक लागली की हे सरसकट झाडू मारतात. अँटीव्हायरस, टचपॅड, आवाजाचा ड्रायव्हर यांना हात लावू नका. आणि कुणाच्या डीटीपीच्या मशीनवर तर अजिबात प्रयोग नकोत. तिथं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम सकाळी आपोआप सुरू होत असेल, तर ते कामावर आलेलं असतं. ते बंद पडलं की फाँट मराठीच राहतो, पण कळफलक इंग्रजीवर जातो. मग ‘चि. सौ. कां.’ टाइप करायला जावं तर भलतीच अक्षरं उमटतात, आणि नवरीचा बाप प्रूफ बघायला दुकानात येऊन उभा.