दिवाळीतला दुसरा पावसाळा

जोडीनं व्हिएतनामचा किनारा पाच दिवसांत ‘करायचा’, हा शनिवार पेठेतला नवा दिवाळी-संकल्प. इथला पाऊस नुकता संपलेला; पण दा नांग, होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो ऐन भरात असतो. मुठेचं पाणी चढलं की महापालिकेला धारेवर धरणारी मंडळी तिथल्या थू बोन नदीच्या पुरात हौसेनं फोटो काढणार! ‘सुट्टी तेव्हाच मिळते,’ हा आक्षेप रास्त; मग नोव्हेंबरात उघडीप होऊ लागणारं दक्षिणेकडचं फू क्वोक बेट गाठावं. पण एकाच बेटावर राहायचं, तर नवरा-बायकोला एकमेकांशी बोलावं लागेल. त्यापेक्षा दा नांग ते न्हा चांग हा ५०० किलोमीटरहून लांबचा प्रवास बरा. दोघंही झोपतात आणि संसार सुरळीत चालतो.