प्रवेश मोजले, पास किती झाले?

प्रवेशाला मुदतवाढ. जुलै-ऑगस्टमध्ये ही बातमी येते, जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा येते. मुक्त विद्यापीठाने तारीख पुढे ढकलली, मग आणखी ढकलली. शेवटी एकूण प्रवेशांचा मोठा आकडा छापून येतो आणि विषय संपतो.

त्या प्रवेशांपैकी पदवी किती जणांच्या हातात पडली, ही बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली?

२०२०-२१च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशातले विद्यार्थी ४ कोटी १३ लाख भरले. त्यातले ४५ लाख ७१ हजार दूरशिक्षणाचे. म्हणजे ज्यांना आपण विद्यार्थी म्हणून मोजतो, त्यातला दर नववा कॉलेजात जातच नाही. त्याला रोजचा वर्ग नाही, बाक नाही, हजेरी नाही. त्याच्याकडे आहे फक्त नोंदणी क्रमांक.

आणि सरकारला तेवढाच हवा आहे.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने २०३५पर्यंत उच्चशिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२मध्ये ते २८.४ टक्के होतं. एवढी कॉलेजं बांधणार कोण? प्राध्यापक भरणार कोण? मग स्वस्तातला मार्ग उरतो दूरशिक्षणाचा. हे प्रमाण नावाप्रमाणे नोंदणीवर मोजतात. अर्ज भरला, शुल्क भरलं, माणूस मोजला गेला. दुसऱ्या महिन्यात पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर गेला तरी टक्केवारीला धक्का लागत नाही.

प्रवेश झाला की गंगेत घोडं न्हालं.

आधीच सांगतो, मुक्त विद्यापीठांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांचा मला राग येतो. ज्यांना कॉलेजची तीन वर्षं आई-बापाच्या पैशावर काढता आली, त्यांनी रात्रपाळी करून बीए झालेल्या पोलीस शिपायाला हसू नये. अंगणवाडी सेविका, तालुक्याच्या गावातली सून, एमपीएससीची तयारी करणारा शेतकऱ्याचा मुलगा. यांच्यासाठी दुसरं कुठलं विद्यापीठ दार उघडून बसलं होतं?

कुठलंच नाही.

आशियात हे दार लवकर उघडणाऱ्यांत होतं इस्लामाबाद, १९७४ साली. आज त्या विद्यापीठाला अल्लामा इक्बालांचं नाव आहे. मग थायलंडने १९७८मध्ये सुखोथाई थम्माथिरात उभं केलं. हजारो बेटांवर विखुरलेल्या इंडोनेशियाने १९८४मध्ये आपलं विद्यापीठ काढलं. आपल्याकडे १९८२मध्ये हैदराबाद, १९८५मध्ये इग्नू आणि १९८९मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण. हैदराबाद आणि इग्नू, दोन्हींचे पहिले कुलगुरू एकच, जी. राम रेड्डी. नाशिकला राम ताकवले. दोघांनी पाया घातला, तो भक्कम होता.

१९९६मध्ये सर जॉन डॅनियल यांनी लाखावर विद्यार्थी असलेल्या जगातल्या अकरा दूरशिक्षण विद्यापीठांवर पुस्तक लिहिलं. तुर्कस्तान धरून त्यातली सात आशियातली होती. म्हणजे गर्दी जमवण्यात आपण तेव्हाच पुढे होतो.

गर्दीचं पुढे काय केलं, हा प्रश्न आहे.

चीनचं उदाहरण बघा. सांस्कृतिक क्रांतीत एका पिढीचं शिक्षण बुडालं होतं. १९७९मध्ये त्यांनी रेडिओ-टीव्ही विद्यापीठ सुरू केलं. नाव टीव्हीचं, पण माणसं घरी एकेकटी टीव्हीसमोर बसत नव्हती. कारखाने आणि कचेऱ्या आपल्या कामगारांना पगारी रजा देऊन शिकायला पाठवत. ते गटाने वर्गात बसत, प्रक्षेपण बघत, आणि मग न कळलेलं समजावून द्यायला शिक्षक असे.

टीव्हीच्या विद्यापीठातही खोली होती, वेळ होती आणि माणूस होता. आपण नेमकं हेच तीन खर्च वाचवायला निघालो आहोत.

दूरशिक्षणाचं अर्थकारण समजून घ्या. पुस्तक एकदा लिहायचं, व्हिडिओ एकदा रेकॉर्ड करायचा. पुढे एक लाख विद्यार्थी आले काय आणि पाच लाख आले काय, तो खर्च फारसा वाढत नाही. उलट डोईखर्च कमी होत जातो. पण अभ्यासकेंद्रावर शिकवायला येणारा समंत्रक? विद्यार्थी दुप्पट झाले की समंत्रकही दुप्पट लागतात. त्याचा डोईखर्च कधीच कमी होत नाही.

मग कात्री कुठे लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पहिल्यांदा संपर्क सत्रं, म्हणजे समंत्रकाचे वर्ग, कमी होतात. मग ती कागदावर होतात. स्वाध्याय जमा करून घेतात, पण त्यावर शेरा लिहून परत देत नाहीत. समंत्रकाचं मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. रविवारची सुट्टी मोडून तीस-चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या प्राध्यापकाने किती वर्षं फक्त तळमळीवर यायचं? तरी काही जण येतात. या व्यवस्थेत ज्यांच्यापुढे हात जोडावेत, अशी ही माणसं आहेत.

मला विचाराल तर मुक्त विद्यापीठाचं खरं विद्यापीठ म्हणजे रविवारचा तो वर्ग. एसटीतून उतरून आलेली, घरचं सगळं आटोपून आलेली बाई तिथे पहिल्यांदा म्हणते, ‘सर, हे दुसरं प्रकरण कळलंच नाही.’ शेजारची म्हणते, ‘मलाही नाही.’ त्या क्षणी दोघी टिकतात. एकटीला वाटलं असतं की आपलंच डोकं चालत नाही. आणि पुस्तक मिटलं असतं.

हे ॲपमध्ये कसं बसवणार?

ऑनलाइनवाले म्हणतील, आता सगळं मोबाइलवर आहे. ठीक, आकडे बघू. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८मध्ये नाव नोंदवलेल्या दर शंभरांत अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन होते. नाव नोंदवून अभ्यासक्रमात एकदाही न डोकावणारे निम्म्याहून जास्त. शिकवणारे जगातले नामांकित प्राध्यापक, अभ्यासक्रमात शिरायला बहुतेकदा पैसा लागत नाही, व्हिडिओ उत्तम.

तरीही तीन.

हे अभ्यासक्रम म्हणजे पदवी नव्हे, हे खरं. सहज नाव नोंदवणारा आणि शुल्क भरून बसलेला यांच्यात फरक असणारच. पण उत्तम व्हिडिओ दाखवला की माणूस आपोआप शिकतो, हा समज तरी या आकड्याने मोडायला हवा होता. आपण तोच समज धरून २०१७च्या जुलैत ‘स्वयम्’ सुरू केलं. त्यावरचे काही अभ्यासक्रम खरोखर चांगले आहेत. चांगले आहेत म्हणूनच विचारतो, त्यांच्या यशाचा आकडा जाहिरातीत नोंदणीच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत का छापत नाही?

आणि मोबाइल, मोबाइल काय करता? कोणाच्या हातात आहे तो?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया निघाल्या ३३ टक्के. पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे. तेव्हापासून फोन वाढले असतील. पण घरातला फोन आधी नवऱ्याचा, मग मुलाच्या अभ्यासाचा, आणि त्यातून उरला तर तिचा, ही रांग किती घरांत बदलली? दूरशिक्षणात स्त्रिया जवळजवळ निम्म्या आहेत, ४५ लाख ७१ हजारांत सुमारे २१ लाख. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं आपण सांगतो, त्यांच्याच हातात ते साधन सर्वात शेवटी पोचतं.

कारागृहांतही अभ्यासकेंद्रं चालतात. तिथल्या बंद्याच्या कोठडीत पुस्तक जातं, समंत्रक भेटतो, परीक्षा होते, पदवी मिळते. मोबाइल तिथे जात नाही. उद्या छापील पुस्तक बंद करून सगळं पीडीएफवर नेलं, तर त्याने काय करायचं?

आता पैशाकडे वळू. २०२०च्या मे महिन्यात केंद्राने क्रमवारीतल्या पहिल्या शंभर विद्यापीठांना ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करायची आपोआप मुभा दिली. मागोमाग एडटेक कंपन्या आल्या. त्यांच्या फोनवरून बोलणारा मुलगा स्वतःला समुपदेशक म्हणवतो. त्याचं काम काय? विकणं. शुल्काचे हप्ते पाडून देणं. ‘आजच भरा, उद्या सवलत संपेल’ असं सांगणं. २०२२च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाला बजावून सांगावं लागलं की दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदव्यांची फ्रँचायझी चालणार नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगावं लागलं की एडटेक कंपन्यांच्या मदतीने परदेशी विद्यापीठांची ऑनलाइन पीएचडी मान्य नाही.

विद्यार्थी फसून झाल्यावर सूचना काढायची, हा आयोगाचा जुना खाक्या. सूचना संकेतस्थळावर, विद्यार्थी जिंतूरला.

अशी ढिलाई झाली की काय होतं, ते आपण बघितलं आहे. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने चक्क इंजिनीअर केले. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५च्या तुकड्यांच्या पदव्या स्थगित केल्या, पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच केल्या. विद्यापीठांनी घेतलेलं शुल्क परत करावं, असाही आदेश दिला.

शुल्क परत मिळेल. वर्षं कोण परत देणार?

त्या पदवीवर लागलेली नोकरी, झालेली बढती, ठरलेलं लग्न, सगळ्यावर एका दिवसात प्रश्नचिन्ह. आणि मान्यता देणाऱ्यांपैकी किती जणांची खुर्ची हलली? न्यायालयाने चौकशी सीबीआयकडे दिली हे खरं. पण इतकी वर्षं डोळे मिटून बसलेल्या नियामकांना त्या विद्यार्थ्यांइतकी किंमत मोजावी लागली नाही.

अशा प्रकरणांचा बट्टा प्रामाणिकपणे शिकलेल्यांना लागतो. २०२२च्या सप्टेंबरमध्ये आयोगाने पुन्हा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मुलाखतीच्या टेबलावर मात्र ‘मुक्तची पदवी का?’ हा प्रश्न अजून येतो. परिपत्रकाने प्रतिष्ठा येत नसते. पास होणं अवघड आहे आणि पास झालेला तयार आहे, हे लोकांना दिसलं की ती येते.

हाँगकाँगमध्ये तर विद्यापीठानेच नाव टाकलं. १९८९मध्ये मुक्त शिक्षणाची संस्था म्हणून सुरू झालेलं, १९९७मध्ये मुक्त विद्यापीठ झालेलं ते २०२१मध्ये मेट्रोपॉलिटन विद्यापीठ झालं. ‘मुक्त’ गेलं. ज्या प्रौढ कामकऱ्यांसाठी ते काढलं होतं, त्यांनी कमावलेलं नाव असं पुसून टाकणं मला पटत नाही. आपल्याकडे अजून ही वेळ आलेली नाही. येऊ द्यायची नसेल तर पास किती झाले याची लपवाछपवी थांबवा.

नाशिकच्या विद्यापीठाने एके काळी दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला होता. सहा महिने तयारी करा आणि पदवीला बसा. नुसतं दार उघडून ते थांबले नाहीत, उंबरा चढायला हात दिला. आज हवा आहे तो हाच विचार. प्रवेश घेतल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत किती जणांनी पहिला स्वाध्याय दिला? ज्यांनी दिला नाही, त्यांना कोणी फोन केला का? गळती होते ती इथेच, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला. ती थांबवायला उपग्रह लागत नाही.

उपग्रह आपण सोडूनही झाला, २००४मध्ये, एज्युसॅट. २०१०मध्ये त्याचं आयुष्य संपलं. तालुक्याचं अभ्यासकेंद्र तेव्हा होतं तसंच आहे, एका कॉलेजच्या कोपऱ्यातल्या खोलीत, एका कपाटासह.

मागणी साधी आहे. प्रत्येक अभ्यासकेंद्राने माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी छापाव्यात. मागच्या तुकडीत प्रवेश किती, मुदतीत पास किती, आणि ठरलेल्यापैकी किती संपर्क सत्रं प्रत्यक्ष झाली. विद्यापीठांकडे हे आकडे आहेत. ज्यांना परीक्षा शुल्काचा हिशेब रुपयापर्यंत लागतो, त्यांना हा लागत नाही असं कोणी सांगू नये.

ते छापतील तेव्हा छापतील. तुमच्या घरातलं कोणी यंदा प्रवेश घेत असेल तर केंद्रावर त्याच्यासोबत जा. विषयाचा समंत्रक कोण, तो कोणत्या रविवारी येतो आणि मागच्या वर्षी या केंद्रातून किती जण पास झाले, एवढं खिडकीतच विचारा. समोरचा कागद चाळायला लागला तर थांबा. वर बघून ‘ते नाशिकला विचारा’ म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरं केंद्र शोधा.