सिंकिंग फंड: आहे तसाच

गणपती उठले की सोसायट्यांमध्ये दुसऱ्या वार्षिक उत्सवाची, म्हणजे एजीएमची, तयारी सुरू होते. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती शेवटच्या रविवारी होते. वेळ सकाळी दहाची. दहाला चेअरमन, सेक्रेटरी आणि वॉचमनने मांडलेल्या खुर्च्या हजर असतात. वीस सभासद किंवा दोन तृतीयांश, यांत जो आकडा लहान तो कोरम. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणून नोटिशीत दोन्ही वेळा छापलेल्या असतात आणि सुज्ञ सभासद दुसऱ्या वेळेला येतो. बटाटेवडेही तेव्हाच येतात.

पहिला तास लिफ्टचा. तळमजल्याचे काका उभे राहतात. "मी आजवर लिफ्टचं बटण दाबलेलं नाही, मी पैसे का भरू?" उत्तर आदर्श उपविधींत केव्हाचंच छापलेलं आहे: लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा अथवा वापरू नका. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हे सेवाशुल्क, तेही प्रत्येक फ्लॅटला सारखंच. पाणी मात्र नळांवर. त्यामुळे नव्या किचनबरोबर ज्या घरात एक जादा नळ शिरला, ते घर कमिटीला उंबऱ्याच्या आत घेत नाही. उपविधींचं पुस्तक ऑफिसच्या कपाटात असतं, कपाटाची किल्ली माजी सेक्रेटरींकडे, आणि माजी सेक्रेटरी आजींशी बोलत नाहीत.

दुसरा तास भाडेकरूंचा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाहीत, हे सरकारने २००१ सालीच ठरवून टाकलं. तरी "बॅचलर पोरांना दुप्पट लावा" ही सूचना दरवर्षी येते. भाडेकरूला सभेत जागा नसल्याने एकमतही लवकर होतं.

उरलेल्या पाच मिनिटांत सिंकिंग फंड. जमीन वगळून बांधकामाला जो खर्च आला, त्याच्या किमान पाव टक्का, दरवर्षी. इमारत १९८५ ची, फ्लॅटचा बांधकामखर्च तेव्हा लाखभर धरा. म्हणजे वर्षाला अडीचशे, महिन्याला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत. पाव टक्का हा तळ आहे, सभेला हवं तर वर जाता येतं. पण इथे तळालाच गच्ची मानायची पद्धत आहे. त्याच फ्लॅटचा आजचा भाव विचारा, मालक कोटीच्या खाली बोलायचा नाही. तिशी उलटलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. केलंही होतं. अहवाल फाईलला लावला, फाईल कपाटात.

खजिनदारांनी भीत भीत महिन्याला पाचशे सुचवले. सभागृहात पहिल्यांदाच सगळे एकदम उभे राहिले. रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च? (बिल्डर गेली बारा-पंधरा वर्षं पुढच्या दिवाळीनंतर येणार आहे.)

ठराव मंजूर: सिंकिंग फंड आहे तसाच ठेवावा. सूचक, सर्वांत वरच्या मजल्याचे सभासद, ज्यांच्या हॉलमध्ये जूनपासून बादली आहे. अनुमोदक त्यांच्या खालचे. बादली भरली की वर कळवतात ते.