शोधकार्याची सुलभ पद्धत

बेपत्ता मुलांच्या शोधकार्यात ‘रॉकी हँडसम’ने (२०१६) घालून दिलेला आदर्श स्तुत्य आहे. गोव्यात गहाणवटीचं दुकान चालवणारा जॉन अब्राहम शेजारच्या चिमुरड्या नाओमीला सोडवायला निघतो. तक्रार नाही, पंचनामा नाही, साक्षीदार तर तो शिल्लकच ठेवत नाही. (न्यायालयांचा केवढा भार हलका!) दिग्दर्शक निशिकांत कामत स्वतःच खलनायक, म्हणजे मार देणारा नि खाणारा एकाच खात्यात. पद्धतही २०१० च्या कोरियन चित्रपटात आधीच तपासून घेतलेली.

आता प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एक अबोल, पिळदार शेजारी नेमावा. पात्रता: बायको फ्लॅशबॅकमध्येच मारली गेलेली असावी, कौटुंबिक रजेचा प्रश्न मिटतो. पालकांनी अर्जासोबत एक फोटो जोडावा. मुलीचा नव्हे, शेजाऱ्याचा; शक्यतो शर्ट न घातलेला.