पांडुरंग कुठाय?

‘झूल’ १९७९ची, ‘हिंदू’ २०१०ची. मधली ३१ वर्षं वाचक भालचंद्र नेमाड्यांच्या पुढच्या कादंबरीसाठी देव पाण्यात ठेवून बसले होते. कादंबरी आली आणि पहिली तक्रार निघाली, की यात पांडुरंग सांगवीकर कुठाय? जणू ‘कोसला’तला तो पोरगा १९६३पासून मेसच्या हिशेबात अडकून तसाच पंचविशीत थांबायला हवा होता. काहींना नवा नायक खंडेराव पसंत पडला, पण पानं जड गेली. इतकी वाट पाहायला लावून शंभरच पानं दिली असती, तर हेच लोक अंगावर धावून गेले असते. सगळ्यांत ठाम मतं मात्र सुरुवातीच्या मोहेंजोदडोच्या उत्खननातच दमून परतलेल्यांची. त्यांची प्रत अजून कोरी करकरीत, खूण एकोणिसाव्या पानावर; आणि पुढचा भाग कधी येतोय, ही चौकशीही त्यांचीच.