भांडणानं राखलेली गल्ली

"वैनी, आयकलासा काय? मास्तरांच्यात वकील आलता."

"कशाला? परत केस?"

"केस न्हवं वो. खोल्या बघायला! भाड्यानं पायजेत म्हणं. टेबल टाकायला एक नि पुस्तकांच्या कपाटांना एक."

आक्कांची दोन्ही कोपरं कंपाउंडच्या भिंतीवर होती, म्हणजे बातमी मोठी. एकच कोपर टेकलेलं असेल तर भाजीचा भाव किंवा कुणाच्या तरी पोरीला बघायला आलेली माणसं. दोन्ही टेकली की समजायचं, मामला जागेचा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी त्यासाठी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली होती. आता सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग नि आम्ही, अशा सहा जिल्ह्यांच्या फायली सीपीआर रुग्णालयासमोर भाऊसिंगजी रोडला उघडतात आणि त्या फायलींच्या मागून वकील आमच्या गल्लीत खोल्या शोधत फिरतात. गल्ली राजारामपुरीतली. नंबर सांगत नाही. इथं माणूस आडनावापेक्षा गल्लीच्या नंबरावरून लवकर सापडतो आणि आक्कांना मी दिलेला शब्द आहे.

त्या वकिलाची दृष्टी मात्र मानली पाहिजे. स्टेशन आणि एसटी स्टँड चालत गाठता येतात, लक्ष्मीपुरीतून पिशवी भरून आणता येते, गुडघे शाबूत असतील तर अंबाबाईलाही पायीच जाता येतं. गावात असून गावाच्या कोंडीत नाही, असं हे ठिकाण. "बिल्डर येडा न्हाई," आक्का म्हणतात, "त्याला आपलं घर नकोय, आपला पत्ता पायजे."

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. आमच्या बाजूची बरीच घरं त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली. कुणी संस्थानी नोकरीतून सरकारी नोकरीत आलेला कारकून, कुणी हायस्कूलचा शिक्षक, कुणी गुळाचा अडत्या. सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं. ते नियंत्रण १९८२ साली सैल झालं आणि १९८९ साली उठलं. तोवर मिळेल तेवढ्या पोत्यांत भागवायचं. म्हणून आमच्याकडं भिंती विटांच्या, जाड, पुष्कळ ठिकाणी चुन्यातल्या. स्लॅब फक्त पुढच्या खोलीवर, मागं मंगलोरी कौलं. सोप्यात मोझॅक, स्वयंपाकघरात शहाबादी, न्हाणीत बंब ठेवायची जागा. जिन्याला सिमेंटची जाळी. पुढच्या गॅलरीचा कोपरा गोल केलेला, कारण मुंबईला कुणीतरी तसा बघून आलेला. आणि मधल्या भिंती कमरेएवढ्या. या शेवटच्या गोष्टीवर मी आक्कांशी तासभर बोलू शकते, किंबहुना त्या भिंतीमुळंच बोलू शकते. नव्या अपार्टमेंटची भिंत डोक्यापेक्षा उंच, वर काटेरी तार. त्यांच्यात कोण आजारी आहे, ते ॲम्ब्युलन्स आल्यावर कळतं.

"मग मास्तर देणार का खोल्या?" मी विचारलं.

"कशा देतील? मास्तर सोता भाडेकरू! पोटभाडेकरू ठेवला की मालकाला आयतंच कारण मिळतं भाईर काढायला. आणि ते त्या वकिलाला कळंना? शिकलाय काय मग तो?"

मास्तरांचं भाडं जुन्या कायद्यानं गोठलेलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पण मुळात चहाच्या दोन कपांचे पैसे असतील तर त्याचे चार टक्के काय होणार? मालक घर पाडायला तयार, मास्तर सोडायला तयार नाहीत. त्यामुळं दारातला पारिजातक अजून आहे.

इथं आक्कांनी आपला सिद्धांत काढला. तो मी त्यांच्याकडून पूर्वीही ऐकला आहे, पण दर वेळी त्यात एखादं नवं घर वाढलेलं असतं.

"माझं आयका वैनी. या गल्लीत जे जुनं घर हुबं हाय, त्या घरात भांडण हाय. जिथं भाऊ गुण्यागोविंदानं नांदलं, तिथं लिफ्ट लागली."

मी मनातल्या मनात गल्ली मोजली. कोपऱ्यावरचे तिघे भाऊ, देवमाणसं, एका बैठकीत सह्या केल्या. आज तिथं खाली मोबाईलचं दुकान, वर क्लास, त्याच्या वर दाताचा दवाखाना आणि पाटीवर कसल्यातरी 'हाईट्स'. त्याच्या पलीकडच्यांना एकुलता मुलगा, भांडायला माणूसच नाही, तेही गेलं. तिथं आता कॅफे आहे. तिथली पोरं गाड्या आक्कांच्या फाटकासमोर लावतात आणि आक्का तिथं तुळशीच्या कुंड्या आणून ठेवतात. पाच कुंड्या. तुळशीला धक्का लावून गाडी लावायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

उरलेल्या प्रत्येक घरात खरंच काहीतरी आहे. एका ठिकाणी कुलमुखत्यारपत्र अमेरिकेहून यायचंय, ते येतच नाही. एका ठिकाणी प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव. आणि पिवळ्या घरात बहीण.

पिवळ्या घरातल्या ताईंचं प्रकरण गल्लीत लोक चुकीचं सांगतात म्हणून इथं नीट लिहिते. "२००५ च्या कायद्यानं पोरींना हिस्सा मिळाला, तेव्हापासून घरं फुटली," असं पुरुषमंडळी कट्ट्यावर म्हणतात. पण वडिलांनी स्वतः कमावून बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच भावांच्या बरोबरीची वारस आहे. अडचण दुसरी होती. घरात भाऊ राहत असतील तर त्या राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती. भावांनी मागितली तरच. ती अट २००५ साली निघाली. म्हणजे हिस्सा होता, मागायचं तोंड नव्हतं. ते मिळाल्यावर भावांनी हक्कसोडपत्राचा कागद आणि साडी पुढं केली. ताईंनी साडी ठेवून घेतली.

"आणि महापुरात काय झालं, सांगितलंय का तुमास्नी?"

सांगितलंय, पण मी "नाही" म्हटलं. अशी गोष्ट पुन्हा ऐकायची असते.

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की गावातल्या सखल भागांतले पाहुणे आमच्याकडं वरच्या अंगाला यायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही पुष्कळ वर गेलं. ताई नागाळा पार्कात राहतात. त्या नवरा, दोन पोरं, सासू आणि टेम्पोत फ्रिज घालून थेट पिवळ्या घरी आल्या. थोरला भाऊ म्हणाला, मागच्या खोलीत सोय करतो.

"आणि ताई म्हणाल्या," आक्कांनी पदर खोचला, "मागच्या खोलीत का म्हणून? तिसरा हिस्सा माझा. मी पुढं हॉलमदीच झोपतो! आणि झोपल्या की. भाऊ म्हातारपणी खोलीतनं खोलीत."

गावाबाहेर सगळीकडं पाणीच पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. गल्लीत टँकर आला की दोन्ही भाऊ आणि ताईंचा नवरा एकाच रांगेत कळशा घेऊन. पाणी ओसरलं, ताई गेल्या, फ्रिज मात्र वर्षभर हॉलमध्ये होता. ताबा म्हणून.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती समोरची जोडी. थोरले खाली, धाकटे वर. घराचा दर्शनी भाग अर्धा निळा, अर्धा चुन्याचा. रंगाचा खर्च थोरल्यांनी आपल्या खिडकीपर्यंतच केला. दिवाणी कोर्ट झालं, जिल्हा कोर्ट झालं, मग प्रकरण उच्च न्यायालयात मुंबईला. दुसऱ्या अपिलात पक्षकारानं हजर असायलाच हवं असं नसतं, पण दोघांचा वकिलावर विश्वास नाही आणि एकमेकांवर तर नाहीच. तारीख लागली की दोघंही रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये. एकाच डब्यात, कारण तिकिटं काढणारा पुतण्या एकच. दोघांच्या चटणी-भाकऱ्या थोरल्या वहिनी एकाच फडक्यात बांधायच्या, कारण धाकट्यांना बाहेरचं पचत नाही. थोरल्यांना वरच्या बर्थवर चढता येत नाही, म्हणून धाकटे आपला खालचा बर्थ द्यायचे. सकाळी मुंबईत उतरून एकाच टॅक्सीनं कोर्टात, आणि तिथं मात्र एकमेकांकडं बघायचंही नाही.

"आता?"

"आता काय! बेंच आलं दारात. हा आपल्या स्कूटरवरनं जातोय, तो रिक्षानं. डबा नको, बर्थ नको. बोलणंच बंद झालंय वो! पैलं मुंबईच्या निमतानं तरी रातभर एकत्र होते." आक्कांनी मान हलवली. "सरकार सोय करतंय, पण इचार करत न्हाई."

घराच्या तब्येतीचा विषय निघालाच, म्हणून आक्कांनी मला त्यांच्या पुढच्या खोलीतली भेग दाखवली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाची ती, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या. पुढं कितीतरी वर्षं ती भेग होती तेवढीच राहिली. हल्ली गणपतीच्या आगमनाची मिरवणूक मेन रोडवरून जाते तेव्हा साउंड सिस्टिमनं आमच्या तावदानांचा थरकाप होतो, कपाटातली भांडी आपोआप वाजतात आणि आक्का दुसऱ्या दिवशी भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं रेघ ओढून साल लिहितात. रेघा बऱ्याच झाल्यात. "भूकंप एकदा आला," त्या म्हणतात, "ह्यो दरवर्षी येतोय, वर्गणी घेऊन."

मी म्हटलं, आक्का, एखाद्या इंजिनिअरला दाखवा, भिंतीवर भार आहे सगळा. तर म्हणाल्या, इंजिनिअरला दाखवलं की तो 'धोकादायक' लिहिणार, महापालिकेचा कागद येणार, आणि मग पुतण्यांना पायजे तेच होणार. पुतणे त्यांचे तिघे आहेत आणि तिघांचं एकमेकांत पटत नाही. आक्का त्याची काळजी घेतात. दिवाळीचा फराळ त्या तिघांना वेगवेगळ्या दिवशी देतात.

एवढं सगळं मला फुकट मिळत नसतं, हे मला माहीत असायला हवं होतंच. आक्कांनी आवाज खाली आणला.

"ते राहूदे. तुमच्यात काय ठरलं?"

"कशाचं?"

"तुमच्या धाकट्या दिरांचा फोन आलता न्हवं परवा रातीला? गॅलरीत भाऊजी लई येळ बोलत होते. 'विकसन करार' म्हणाले, 'पन्नास टक्के' म्हणाले, मग दार लावून घेतलं."

मी म्हटलं, तसं काही नाही, नुसती चौकशी होती. दीर पुण्याला, त्यांचा स्वभाव मवाळ, आमच्या ह्यांचाही मवाळच. दोघांचं लहानपणापासून कधी वाजलं नाही.

आक्कांचा चेहरा उतरला. थोडा वेळ त्या आमच्या गोल गॅलरीकडं बघत राहिल्या, मग एकदम पुढं वाकल्या.

"मग आसं करा वैनी. येत्या रविवारी दिरांस्नी जेवायला बोलवा, आणि सासूबाईंच्या पाटल्यांचा विषय काढा."