हद्दीबाहेरचे वादळ

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार म्हटल्यावर आमच्या उपनगरातल्या सोसायटीने तातडीने पाऊल उचलले : नोटीस लावली. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उद्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ येणार असल्याने कुंड्या आत घ्याव्यात, लिफ्ट वापरू नये व कचरा सकाळीच द्यावा. नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही. थकबाकीदारांनी मेंटेनन्स त्वरित भरावा.’ शेवटच्या वाक्याचा वादळाशी संबंध काय, असे विचारायचे नसते. कागद लावलाच आहे तर तो पुरता वापरावा, असे आमच्या सेक्रेटरींचे मत आहे.

लॉकडाऊनमुळे सभा झूमवर भरली. ‘माझा आवाज येतोय का?’ या विषयावर सविस्तर चर्चा झाल्यावर पार्किंगवर झुकलेल्या गुलमोहराच्या फांदीचा प्रश्न निघाला. छाटणीला महापालिकेची परवानगी, परवानगीला अर्ज, अर्जाला ठराव. खर्च गाडीवाल्यांनी द्यायचा की सगळ्यांनी, यावर ठराव तहकूब झाला. तळमजल्यावरचे श्रीवर्धनचे काका म्हणाले, ‘‘परवानगीचं नंतर बघा. आधी गाड्या हलवा आणि गच्चीवरचे सुटे पत्रे बांधून टाका. वाऱ्यावर सुटलेला पत्रा कोयत्यासारखा येतो.’’

‘‘काका, तुम्ही म्यूटवर आहात,’’ सेक्रेटरी म्हणाले.

काका म्यूटवर नव्हते.

घरोघरी मात्र तयारी जय्यत. खिडक्यांच्या काचांवर सेलोटेपच्या फुल्या मारल्या गेल्या. त्याने काच फुटायची थांबत नाही, पण फोटो चांगला येतो. बादल्या, पातेली, कुकर, एवढेच काय फुलपात्रीसुद्धा भरून ठेवली. वादळाच्या तोंडावर दुकानातले बटाटे आणि मॅगी संपले. दुपारी सगळे बाल्कनीत मोबाइल सरसावून उभे राहिले.

वादळ आले. वेधशाळेने सांगितले होते तसेच, अलिबागच्या जरा दक्षिणेला, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने. आमच्याकडे पाऊस पडला आणि कोणाचा तरी टॉवेल उडाला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागला : ‘फुसका बार!’ ‘वेधशाळेचा अंदाज नेहमीप्रमाणे चुकला.’ अंदाज अलिबागचा होता, हा मुद्दा किरकोळ. आमच्या खिडकीतून जे दिसत नाही, ते घडत नाही.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात घरांवर पत्रे राहिले नाहीत, कौले राहिली नाहीत, विजेचे खांब भुईसपाट झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. टॉवरच बंद पडल्यामुळे ‘घाबरू नका, सतर्क राहा’ हा फॉरवर्ड नेमका तिथेच पोहोचला नाही. काकांचा फोन गावी लागला तेव्हा ग्रुपवर कोणीतरी चौकशी केली.

‘‘वाडी आडवी झाली,’’ काकांनी लिहिले.

हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. रांगेच्या शेवटी एक प्रश्न होता : ‘‘अरेरे! मग आंब्याची पेटी नाही का येणार?’’

सरकारने फळबागांना सुरुवातीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. कोकणातली वाडी मोजतात गुंठ्यांत, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. ओरड झाल्यावर झाडागणिक हिशेब आला : नारळाला २५०, सुपारीला ५०. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला सात-आठ वर्षे जातात. तेवढी वर्षे पन्नास रुपये पुरवून वापरायचे. आमच्या एकेका खिडकीला याहून जास्त सेलोटेप लागला होता.

पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. जुन्या नोटिशीत ‘निसर्ग’ खोडून वर ‘तौक्ते’ लिहिले. तारीख बदलायची राहिली. १७ मे २०२१ रोजी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदवला गेला आणि गुलमोहराची फांदी कोणताही ठराव न होता खाली आली, थेट सेक्रेटरींच्या गाडीवर.

दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा. सेक्रेटरींनी हवालदिल स्वरात विचारले, ‘‘एवढं मोठं संकट येतं, आणि आपल्याला कोणी सांगतच नाही?’’ काकांनी काहीतरी उत्तर दिले, पण ते म्यूटवर असावेत. छाटणीचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि इतिवृत्तात नोंद झाली : ‘सोसायटीच्या परिसरातील पहिले चक्रीवादळ.’ आदल्या वर्षीच्या वादळाची नोंद नाही. ते आमच्या हद्दीत झाले नव्हते.